चाळणीखालची भुकटी

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. कोणी असं म्हटलं की मला भयंकर राग येतो. पण ही गोष्ट रागाची नाही, आनंदाची आहे. अजूनही सांगायला बसले की माझा आवाज वर चढतो आणि नवरा आतून ओरडतो, "अगं हळू, शेजारी धावत येतील!" येऊ देत की. त्यांनाही सांगीन.

मी कोंबडीखाद्याच्या गिरणीत काम करते. मका किती, सोयाबीनची पेंड किती, तेल किती, हे ठरवणं माझ्याकडे. मांसासाठी वाढवायची कोंबडी, म्हणजे ब्रॉयलर, भलत्याच वेगाने वाढते. आज मुठीत मावणारं पिल्लू बघता बघता दोन्ही हातांनी उचलावं लागतं. अंगावर मांस चढतं भराभर, पण तो भार पेलायचा कोणी? त्या दोन काटक्यांनी! त्या काटक्यांची हाडं व्हायला कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, मँगेनीज अशी खनिजं लागतात. गोणीभर खाद्यात ती जेमतेम ओंजळ-दोन ओंजळ, आणि त्यातली काही तर नुसती चिमूटभर. पण ती चिमूट चुकली की पिल्लू खाली बसतं आणि मग उठायचं नाव घेत नाही.

आमच्या गिरणीत वर्षानुवर्षं बाहेरून आलेलं एकच तयार खनिज-मिश्रण वापरत होते. मला ते डोळ्यांसमोर नको व्हायचं. चुनखडीचा नुसता भरणा, आणि जस्त-मँगेनीज अशा रूपातलं की निम्मं अंगी लागण्याऐवजी विष्ठेतून बाहेर. मी स्वतःचं मिश्रण बांधलं. चुनखडी कमी केली, फॉस्फरसचा मेळ बसवला, जस्त-मँगेनीज सहज पचेल असं घेतलं. मग मॅनेजरसाहेबांच्या मागे हात धुऊन लागले. चहाला गाठलं, जिन्यात गाठलं, एकदा तर ते केस कापून घेत होते तिथे गाठलं.

"एक चाचणी," शेवटी ते मानेवरचा टॉवेल झटकत म्हणाले. "एकच. एका शेडला जुनं मिश्रण, दुसऱ्या शेडला तुमचं. बाकी सगळं सारखं. शेवटच्या वजनाला तुमची पिल्लं मागे पडली तर विषय संपला, मॅडम. मी बाहेरच्यांशी लांबचा करार करून टाकणार, आणि तुम्ही पुन्हा खनिजं हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही."

मला दुसरं काय हवं होतं! पुढचं-मागचं न बघता मी हो म्हणून टाकलं. दोन शेड तर आमच्या घरामागेच होती. सासऱ्यांची.

सासऱ्यांबद्दल आधी सांगायला हवं. बाबांनी उभा जन्म चहा विकला. म्हणजे उकळलेला नव्हे, सुटा. पेट्या यायच्या, त्या फोडून चहा चाळण्यांवर चाळायचा, मोठी पानं वर, बारीक पानं मध्ये आणि भुकटी सगळ्यांत खाली. "भुकटी म्हणजे मालाची बदनामी," हे त्यांचं वाक्य. गिऱ्हाइकासमोर चिमूटभर चहा तळहातावर घेऊन त्यावर फुंकर मारायचे. काही उडालं नाही तर माल चांगला. गुडघे दुखायला लागले तेव्हा दुकान बंद केलं आणि घरामागे ही दोन शेड बांधली. दुकान गेलं, पण चाळण्या कोठीत खिळ्यांना लटकत राहिल्या आणि पत्र्याचे रिकामे डबे रांगेत उभे राहिले. सासूबाई म्हणायच्या, "बायको टाकतील, डबा टाकायचे नाहीत."

पहिल्या दिवशी मॅनेजर स्वतः गोण्यांबरोबर आले. जुन्या मिश्रणाच्या गोण्या पांढऱ्या सुतळीने शिवलेल्या, माझ्या हिरव्या. त्यांनी हिरव्या सुतळीची एक उसवली, मूठभर खाद्य घेतलं आणि बोटांतून खाली सोडलं.

"हे काय मॅडम? खाद्य कमी, धूळच जास्त."

"धूळ नाहीये ती! तेच तर..." मी जी सुरू झाले ती पाणीसुद्धा न पिता बोलत राहिले. बाबा कडेला उभे होते. माझं झाल्यावर त्यांनी हळूच चिमूटभर खाद्य तळहातावर घेतलं आणि सवयीने फुंकर मारली. भसकन पांढरा धूर उडाला.

"भुकटी जरा जास्तच आहे गं," ते अगदी हळू आवाजात म्हणाले.

"बाबा, हा चहा नाहीये!"

 बाबांनी हात झटकले आणि गोण्या कोठीत लावायला घेतल्या. माझ्या मते विषय तिथेच संपला.

पहिले काही दिवस मी हवेत होते. सकाळी मी गिरणीत जायचे, संध्याकाळी आल्या आल्या चप्पल न काढता शेडकडे. पिलांना खाऊ घालणं, पाणी, भुशाची गादी, सगळं बाबा बघायचे, आणि इतकं मन लावून की विचारू नका. माझ्या शेडमधली खाद्याची भांडी तर मी मुद्दाम हात घालून बघायचे. तळाशी भुकटीचा कण नाही! माझी छाती फुगायची. बाकी ठिकाणी पिल्लं दाणे वेचतात आणि बारीक सगळं तळाशी टाकून देतात. आमच्याकडे मात्र चाटूनपुसून. मी नवऱ्याला हाताला धरून ते रिकामं भांडं दाखवायला नेलं. तो म्हणाला, "छान. घासायला नको." त्याला काही कळत नाही.

मग एके संध्याकाळी माझ्या शेडमध्ये एक पिल्लू बसलेलं दिसलं. हटकलं तर उठलं, दोन पावलं डुलत गेलं आणि पुन्हा मटकन बसलं. मी म्हटलं, असेल. दुसऱ्या दिवशी तशी बरीच होती. त्यातलं एक तर दिवसभर एकाच जागी ठिय्या मारून असायचं आणि सगळ्यांकडे कपाळाला आठ्या घातल्यासारखं बघायचं. मी त्याचं नाव साहेब ठेवलं. त्या दिवसांत हसायची ती माझी शेवटची वेळ. मी साहेबाला उचललं, चोच बोटांनी दाबली आणि ती वाकली. चोच! रबरासारखी!

चोच वाकते याचा अर्थ मला झोपेतही सांगता येईल. हाडं भरत नाहीयेत. पिलांना फॉस्फरस मिळत नाहीये, कॅल्शियम मिळत नाहीये. म्हणजे माझ्याच मिश्रणात, ज्याच्यासाठी मी साऱ्या गिरणीशी भांडले, त्याच्यातच खोट. आणि पलीकडच्या शेडमध्ये जुन्या, माझ्या नावडत्या मिश्रणावर पिल्लं तुरुतुरु पळत होती.

मी गिरणी डोक्यावर घेतली. मिक्सरवाल्याला म्हटलं, तू घालायला विसरलास. तो म्हणाला, बाई, तुम्हीच तर माझ्या खांद्यावरून बघत होतात, माझा खांदा अजून दुखतोय. ते खरं होतं. गिरणीत ठेवलेला नमुना तपासायला पाठवला. सगळं जागच्या जागी! हिशेब पुन्हा मांडला, उलटा मांडला. बरोबर. पाणी बघितलं, दोन्ही शेडला एकाच टाकीचं. पिल्लं एकाच पेटीतली. मला काही म्हणजे काही सुचेना. घरात मी कोणाशी धड बोलत नव्हते, आणि बाबा तर माझ्यापेक्षा जास्त गप्प झाले होते. ते दुपारभर कोठीतच असतात, एवढं सासूबाई बोलल्या होत्या. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आणि मग ती सकाळ. मॅनेजरांचा फोन आला, आज दुपारी येतोय, मधली पाहणी. लंगडी पिल्लं बघितल्यावर हा माणूस शेवटच्या वजनापर्यंत थांबणारच नव्हता. मी गिरणीला जायचं रद्द केलं आणि स्वयंपाकघरात डोकं धरून बसले.

सासूबाई ओट्याशी अंडी फोडत होत्या. घरामागे त्यांची एक म्हातारी कोंबडी होती. शेडजवळ बाहेरची कोंबडी नको, रोग येतात, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं, पण त्या कोंबडीचा मान घरात माझ्यापेक्षा वरचा. सासूबाईंनी अंडं तव्याच्या कडेवर टक्कन मारलं. काही झालं नाही. पुन्हा मारलं. मग जोरात मारलं. तवा हलला.

"मेली ही अंडी!" त्या वैतागल्या. "हल्ली फुटता फुटत नाहीत. म्हातारीला या वयात काय जोर चढलाय कोण जाणे."

मी नुसतीच बघत होते. मग हात पुढे केला. "बघू आई."

अंड्याचं कवच जाड होतं. आणि गुळगुळीत नव्हतं. त्याच्यावर बारीक बारीक कण होते, पुरळ उठल्यासारखे. मी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. असं कवच कॅल्शियम भरपूर पोटात गेलं तरच होतं.

"आई, म्हातारीला काय घालता तुम्ही खायला?"

"घालायचं काय? उरलंसुरलं. आणि हे देतात ना ती पूड. त्यात कालवून."

"कसली पूड?"

"अगं ती डब्यातली. रोज देतात वाटीभर. मी म्हटलं, चहाची वाटत नाही, पांढरी आहे. तर म्हणाले, तुला काय करायचंय, घाल."

मी उठले नाही, उडाले! हातात अंडं, पायांत एकच चप्पल, अंगण ओलांडून कोठीकडे. सासूबाई मागून ओरडत होत्या, "अगं ते अंडं तरी ठेव!"

कोठीचं दार लोटलं. बाबा पाटावर बसले होते. समोर हिरव्या सुतळीची गोणी. हातात चहाची मोठी चाळण. ते तालात, मनगट जराही न थकवता, जन्मभर जशी हलवली तशीच चाळण हलवत होते. वर राहिलेलं स्वच्छ, दाणेदार खाद्य ते घमेल्यात ओतत होते. खाली पसरलेल्या कापडावर पांढरी-करडी भुकटी झरझर पडत होती. माझं जस्त. माझं मँगेनीज. माझा फॉस्फरस. सगळं कापडावर! आणि भिंतीला रांगेने तेच भरलेले डबे.

"बाबा! हे काय करताय?"

त्यांनी दचकून वर बघितलं. मग थोडं लाजून हसले. चोरी पकडली गेली की लहान मुलं हसतात तसे.

"तुला कळू द्यायचं नव्हतं," ते म्हणाले. "त्या दिवशी तो मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला ना, धूळच जास्त. मला बरं नाही वाटलं ते. आपल्या घरचा माल, आणि त्याला बाहेरच्याने नाव ठेवावं? म्हटलं, आपल्या हातात कला आहे तर... फक्त तुझंच चाळतो हं. त्या पांढऱ्या सुतळीच्या गोण्यांना मी हात लावत नाही. असू दे त्यांची भुकटी."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. ते उघडंच राहिलं. गुडघे दुखणारा हा माणूस दुपारभर या पाटावर बसून गोणीच्या गोणी चाळत होता, कशासाठी, तर सुनेची चाचणी जिंकावी म्हणून. आणि त्याच मायेने त्याने तिची पिल्लं खाली बसवली होती. मला रडू आलं आणि त्याच क्षणी हसूही आलं, आणि दोन्हीच्या वर एकच गोष्ट ढोल वाजवत आली.

"म्हणजे माझं मिश्रण चुकलेलं नाही!" मी किंचाळले. "बाबा! चुकलेलं नाही! पिलांनी ते खाल्लंच नाहीये! म्हातारीने खाल्लंय!" मी अंडं त्यांच्या नाकासमोर नाचवलं. "हे बघा! हे बघा तुमच्या भुकटीचा जोर!"

त्यांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मी भराभर सांगितलं, ती भुकटी म्हणजेच खनिजं, सगळा जीव त्या भुकटीतच. त्यांचा हात चाळणीवर थांबला. चेहरा उतरत गेला तो मला बघवेना.

"म्हणजे ती पिल्लं... माझ्यामुळे बसली?"

"उठवू! अजून वेळ गेलेली नाही."

ते ताडकन उठले आणि एक डबा उचलून शेडकडे निघाले. "आत्ता घालतो सगळं परत."

"थांबा बाबा! असं नाही!" मी दारात आडवी झाले. "नुसतं घातलं तर एखाद्याच्या वाट्याला मिठाचं ढेकूळ येईल आणि ते मरेल. त्यात सगळंच आहे. न उसवलेल्या गोण्या उरल्यात ना? त्याच जशाच्या तशा उघडायच्या. भांडी रिकामी करा आधी."

आम्ही दोघांनी मिळून माझ्या शेडमधली सगळी भांडी रिकामी केली. न चाळलेलं खाद्य ओतलं. नवरा कामावर निघाला होता, त्यालाही कामाला लावलं. मग मी बाबांना म्हटलं, मॅनेजर आले की तुम्ही घरात बसा. मी सांगते, मिक्सर बिघडला होता म्हणून. तुमचं नाव कुठे यायला नको. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, हे मी बघितलं नाही.

मॅनेजर आले, माझ्या शेडमध्ये शिरले आणि दारातच थांबले. समोर साहेब बसला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मॅडम, संपलं हे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "आजपासून या शेडलाही जुनं मिश्रण घाला. निदान ही पिल्लं तरी वाचतील."

"साहेब, मिक्सरमध्ये—"

"मिक्सर ठीक आहे," मागून बाबांचा आवाज आला. ते एका हातात चाळण आणि दुसऱ्या हातात भरलेला डबा घेऊन उभे होते. "मी चाळलं. रोज. तुम्ही धूळ म्हणालात ना, ती सगळी मी काढून टाकली. तिचा काही दोष नाही. तिला माहीतसुद्धा नव्हतं."

मॅनेजरांनी डब्यात बघितलं. चाळणीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसावं की रागवावं हे ठरत नव्हतं. तेवढ्यात सासूबाई मध्ये घुसल्या. त्यांना काय वाटलं देव जाणे, त्यांनी एक अंडं मॅनेजरांच्या हातात ठेवलं. "फोडून दाखवा," त्या म्हणाल्या.

मॅनेजरांनी अंडं दाराच्या चौकटीवर आपटलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ते फुटलं आणि बलक थेट त्यांच्या बुटावर. कोणी हसलं नाही. मी ओठ चावून धरले होते.

"ठीक आहे," ते बूट झटकत म्हणाले. "पण याने एवढंच कळलं की खनिजांशिवाय पिल्लं बसतात. ते मला आधीपासून माहीत होतं. तुमचं मिश्रण जुन्याहून चांगलं आहे, हे कुठे कळलं?"

"कळेल!" माझा आवाज चढला. "शेवटच्या वजनापर्यंत द्या मला. पाण्यात औषध नाही, वरून काही नाही, फक्त माझं मिश्रण. ही पिल्लं उठली पाहिजेत आणि त्या शेडच्या बरोबरीला आली पाहिजेत. नाही आली तर मी स्वतःच्या हाताने जुनं मिश्रण घालीन आणि तुम्ही केस कापून घेता त्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

बहुधा ती शेवटची अट त्यांना पटली. "बरोबरी," ते म्हणाले. "तसूभर मागे नको."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले हे माझं मलाच माहीत. पहिल्यांदा काहीच झालं नाही. बाबा शेडमधून हलायचेच नाहीत. बसलेल्या पिलांच्या चोचीपर्यंत खाद्य आणि पाणी सरकवायचे, भुसा कोरडा ठेवायचे, साहेबाला तर हातावर घेऊन खाऊ घालायचे. जेवायला बोलावलं की म्हणायचे, "यांचं होऊ दे आधी." मी रोज चोची दाबून बघायचे. वाकली. वाकली. थोडी कमी वाकली का? की मलाच भास?

आणि एका सकाळी मी दात घासत होते, तर शेडमधून बाबांची आरोळी. "सूनबाई! सूनबाई गं! धाव!" मला वाटलं पडले. तोंडात फेस तसाच घेऊन धावले. बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते, एक बोट समोर. साहेब उभा होता. पाय थरथरत होते, पंख पसरून तोल सावरत होता, पण उभा होता. मग त्याने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. खाद्याच्या भांड्यापर्यंत गेला, दुसऱ्या एका पिल्लाला चोच मारून बाजूला सारलं आणि खायला लागला. आम्ही दोघं नाचलो. खरंच नाचलो. गुडघेदुखी असलेला सासरा आणि तोंडात फेस असलेली सून. नवऱ्याने खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

त्या दिवसानंतर शेड भराभर उठलं. अगदी थोडी मागे राहिली, बाकी सगळी पळायला लागली, आणि खायला तर अशी लागली की भरलेलं भांडं बघता बघता रिकामं. मी रोज मनातल्या मनात वजनं करायचे आणि रोज चुकायचे.

वजनाच्या दिवशी मॅनेजर स्वतःचा काटा घेऊन आले. आधी पलीकडचं शेड. मग माझं. क्रेटमागून क्रेट काट्याला लटकत होता, मिक्सरवाला मोठ्याने आकडा सांगत होता, आणि मी बेरीज करता करता इतकी गोंधळले की मोजणंच सोडून दिलं. बाबा उकिडवे बसून प्रत्येक क्रेटकडे असे बघत होते, जणू त्यांच्या बघण्याने काटा खाली जाणार होता. शेवटचा क्रेट उतरला. मॅनेजर वहीवर वाकले. मग म्हणाले, "सरासरी सारखीच."

मला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"बरोबरी, मॅडम." त्यांनी वही मिटली. त्यांचाही आवाज वर गेला होता! "नाही, बरोबरी तरी कशी म्हणू? अर्धी शर्यत लंगडत धावलीत ही, आणि तरी गाठलं. न लंगडता धावली असती तर? पुढच्या खेपेपासून गिरणीत तुमचं मिश्रण."

मी काय केलं ते आठवत नाही. नवरा सांगतो की मी मॅनेजरांना मिठी मारली. मी म्हणते, काट्याला मारली. सासूबाई म्हणतात, दोघांना.

"पण एक आहे," मॅनेजर सावरून म्हणाले. "काकांच्या चाळणीतून जे इतकं सहज खाली पडलं, ते ट्रकच्या धक्क्यांनीही गोणीच्या तळाला जाणार. त्याचं काहीतरी करा."

ते बरोबर बोलत होते, आणि मला तेव्हा रागही आला नाही. बाबांनी पहिल्याच दिवशी फुंकर मारून मला हेच दाखवलं होतं, मीच ते चहावर ढकललं. मी खनिजं आधी थोड्या मक्याच्या भरड्यात कालवून घेतली, मग मिक्सर फिरत असताना वरून तेलाचा बारीक फवारा मारला, म्हणजे पूड दाण्याला चिकटून राहील. आणि पारख करायला मी गिरणीत बोलावलं ते बाबांना. चाळणीसकट.

दुकानात जाताना घालायचे तो शर्ट घालून ते आले. मिक्सरखालून गरम गरम खाद्य घेतलं, चाळणीत ओतलं, खाली काळं कापड पसरलं. मॅनेजर, मिक्सरवाला, मी, सगळे कोंडाळं करून उभे. चाळण हलायला लागली. तोच ताल, तेच मनगट. कापड काळंच राहिलं. बाबा हलवत राहिले, आणखी जोरात, कपाळावर घाम आला. कापड काळंच! मी टाळ्या पिटायला हात वर केले होते.

तेवढ्यात त्यांनी चाळण बाजूला ठेवली आणि कापडाच्या मधोमध वाकून बघितलं. तिथे चिमूटभर, अगदी चिमूटभर, पांढरं काहीतरी पडलं होतं. मॅनेजर म्हणाले, "एवढं चालतं, काका. सोडा ते." त्यांनी कापड झटकायला हात पुढे केला. बाबांनी त्यांचा हात धरला. छतावरचा पंखा बंद करायला लावला. मग कापडाची चार टोकं हळूच उचलली, चिमूट मध्ये गोळा केली, आणि दुसऱ्या हाताचा आडोसा करून ती खाद्यात परत ओतली. कापड वरून बोटांनी टिचकी मारून झाडलं.

"सोडा कसं?" ते म्हणाले. "एका पिल्लाचे पाय आहेत हे."

मी तोंड दुसरीकडे फिरवलं. मग मी मिक्सरवाल्यावर ओरडले, की बघत काय बसलाय, पंखा लाव.